मदत हवी आहे: डीलर टूरवर बँकॉक-पट्टायाला चाललोय, रात्री बाहेर पडताना काय सांभाळावं?

पिंपळगावकर

नमस्कार मंडळी. पिंपळगाव बसवंतला आमचं कृषी सेवा केंद्र आहे. यंदा औषधांचं टार्गेट पूर्ण झालं म्हणून कंपनीने थायलंडची टूर लावली. दोन रात्री बँकॉक, दोन रात्री पट्टाया. नाशिक जिल्ह्यातले आम्ही सहा डीलर एका गटात आहोत. त्यात मी सर्वांत लहान, आणि इंग्रजी बरं बोलतो एवढ्या भांडवलावर बाकी पाच जण माझ्या गळ्यात बांधलेत.

दिवसाचं सगळं कंपनीकडे आहे, प्रश्न रात्रीचा. आडपडदा ठेवत नाही. तिकडे लोक काय बघायला जातात हे घरीदारी सगळ्यांना माहीत आहे. आमच्यातल्या तिघांना नुसती रोषणाई बघून यायचंय. दोघांना थोडं बसायचंय. आणि निफाडचे आबा एकसष्ट वर्षांचे माळकरी आहेत, त्यांना काहीच बघायचं नाही, पण हॉटेलवर एकटं राहायलाही ते तयार नाहीत.

गेल्या वर्षी गेलेल्या ओळखीच्या तिघांना कुठल्याशा माडीवरच्या शोमध्ये हजारो रुपयांचं बिल लावलं, ते दिल्याशिवाय दार उघडेनात. टूर मॅनेजर आत्ताच माणशी अडीच हजार बाथ मागतोय, 'नाइट ऑप्शनल' (रात्रीची जादा फेरी) म्हणून. ते घ्यावं की आपापलं जावं? उपदेश नको, माहिती हवी. आगाऊ धन्यवाद.

सोमेश्वरचा_धबधबा

माझ्या चार वाऱ्या झाल्यात, त्यामुळे लिहायचा अधिकार आहे असं समजतो.

आधी तो ऑप्शनल कॅन्सल करा. त्यातला मोठा वाटा कमिशनचा असतो, आणि त्या रस्त्यांवर चालायला तिकीट लागत नाही. एक बाथ म्हणजे साधारण अडीच-तीन रुपये, म्हणजे माणशी किती होतात ते तुम्हीच बघा. त्यात चौघांचं बसणं होऊन वर टॅक्सी सुटेल.

बँकॉकमध्ये असल्या बारच्या वस्तीची नावं तीन. पाटपोंग, नाना प्लाझा आणि सोई काउबॉय. सोई म्हणजे गल्ली. ही सोई काउबॉय टी. जी. एडवर्ड्स नावाच्या निवृत्त अमेरिकन वायुसैनिकाच्या नावावर आहे. त्याने 1977 च्या सुमारास तिथे बार काढला आणि तो काउबॉय हॅट घालायचा, म्हणून हे नाव. नुसती रोषणाई बघायची असेल तर हीच गल्ली घ्या. तळमजल्यावरचे बार, सरळ रस्ता, एका टोकाला शिरा आणि दुसऱ्या टोकाला बाहेर पडा. आबांनाही नेता येईल, नजर समोर ठेवली की झालं. स्कायट्रेनच्या असोक स्टेशनवरून पायी पाच मिनिटं. नाना प्लाझा तीन मजली आहे, सुखुमवित रस्त्याच्या सोई 4 मध्ये, नाना स्टेशनजवळ.

तुमच्या ओळखीच्यांना फटका बसला तो बहुधा पाटपोंगला. तिथे खाली रात्रीचा बाजार आहे, तो बघायला काही हरकत नाही. पण हातात लॅमिनेट केलेलं कार्ड घेऊन 'शो फ्री, बिअर शंभर' म्हणत जिन्याकडे नेणारा माणूस दिसला की थांबूसुद्धा नका. वर गेल्यावर शोचे वेगळे, बसायचे वेगळे आणि जे मागवलंच नाही त्याचेही वेगळे पैसे लागतात, आणि दारात दोन आडदांड उभे असतात. अडकलातच तर हातघाईवर येऊ नका. शांतपणे घासाघीस करा, रोख द्या, बाहेर पडा आणि 1155 लावा. तो टुरिस्ट पोलिसांचा नंबर, चोवीस तास चालतो आणि इंग्रजीत बोलता येतं.

सरळ बारमध्ये प्रत्येक ऑर्डरची चिठ्ठी तुमच्या समोरच्या छोट्या पेल्यात खोचतात. दर वेळी नवी चिठ्ठी आली की वाचा. उठताना वाचायला घेतलीत तर वादात तुमचीच बाजू पडते. बिअर साधारण दीडशे-अडीचशे बाथ. शेजारी येऊन बसलेल्या मुलीने 'ड्रिंक?' विचारलं की ते 'लेडी ड्रिंक'. ते महाग असतं आणि त्यातला वाटा तिला मिळतो. घ्यायचं नसेल तर हसून नाही म्हणा, कुणी रागावत नाही. उगाच बसवून ठेवून नाही म्हणालात तर मात्र रागावतात, आणि ते बरोबरच आहे.

अंबड_लिंक_रोड

वरच्या प्रतिसादात घंटा राहिली! बहुतेक बारमध्ये काउंटरवर पितळी घंटा टांगलेली असते. ती वाजवली म्हणजे 'आत्ता इथे जे कोणी आहेत त्या सगळ्यांना माझ्याकडून एकेक पेग'. आमच्या गटातल्या काकांना देवळात शिरताना घंटा वाजवायची सवय, इथेही हात वर गेला. सगळा बार टाळ्या वाजवायला लागला. काकांना वाटलं, आपलं स्वागत चाललंय. तेरा जणांचं बिल आम्ही वाटून भरलं आणि मुंबईपर्यंत काकांशी कुणी बोललं नाही. माळकरी माणूस सोबत आहे म्हणून हे आवर्जून लिहितोय.

नित्यनेम

घरी बायका-पोरांना काय सांगणार म्हणे?

पिंपळगावकर

@नित्यनेम: बायकोनेच सांगितलं, धागा काढून विचार म्हणून. पुढचे प्रतिसाद येऊ देत.

नाशिकरोडची_लेक

मी सात वर्षं बँकॉकमध्ये राहते, त्यामुळे थोडी दुसऱ्या बाजूने लिहिते. राग मानू नका.

या बारमध्ये काम करणाऱ्या कितीतरी मुली ईसानच्या. ईसान म्हणजे थायलंडचा ईशान्य भाग, कोरडवाहू, भाताचं एकच पीक, कर्ज आणि पोटासाठी शहर गाठणं. तुम्ही औषधं-बियाणं विकणारे, तुम्हाला जास्त सांगायला नको. तिकडचा मराठवाडा समजा. घरी पैसे पाठवणारी माणसं आहेत ती. आपल्या लोकांच्या टोळ्यांचं नाव इथे फारसं चांगलं नाही. सहा जण एक बिअर घेऊन तासभर बसतात, अंगाला हात लावतात, मोठ्याने भाव करतात आणि मोबाईल काढून शूटिंग करतात. यातलं शेवटचं तर अजिबात करू नका. सोई काउबॉयला आणि नाना प्लाझात बारच्या आतले किंवा मुलींचे फोटो काढू देत नाहीत, बाउन्सर फोन हातातून घेतो.

कायद्याचं सांगते. उघड दिसतं म्हणून कायदेशीर आहे असं नाही. 1996 च्या कायद्याने इथे वेश्याव्यवसाय गुन्हाच आहे. म्हणजे काही वाद झाला, पैसे गेले, तर पोलिसांसमोर तुमची बाजू आधीच लंगडी. मुलगी अठरा वर्षांखालची निघाली तर सुटका नाही, आणि नसावीही. तसा नुसता संशय आला तरी उठून बाहेर या आणि 1155 ला कळवा.

आणखी एक, गमतीतसुद्धा करू नका: राजाबद्दल विनोद. कलम 112 खाली एकेका गुन्ह्याला तीन ते पंधरा वर्षं आहेत. नोटेवर राजाचं चित्र असतं. वाऱ्याने नोट उडाली तर तिच्यावर पाय देऊन अडवू नका.

आणि एक गंमत: आपला भारतीय दूतावास सुखुमवितच्या सोई 23 मध्ये आहे. सोई काउबॉयचं एक तोंड त्याच सोई 23 ला उघडतं. पासपोर्ट हरवला तर फार लांब जावं लागणार नाही.

गोदाकाठचा_डॉक्टर

तुम्ही विचारलं नाहीत तरी लिहितो, कारण परत आल्यावर लोक तीन आठवड्यांनी दवाखान्यात येऊन खाली मान घालून बसतात. कंडोम कुठल्याही सेव्हन-इलेव्हन दुकानात मिळतो. धोका झालाच असं वाटलं तर एचआयव्हीची लागण टाळणारी पेप औषधं 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं, आणि 28 दिवस घ्यावी लागतात. नाशिकला आल्यावर बघू, म्हणाल तर वेळ निघून गेलेली असते. बँकॉकमध्ये थाई रेडक्रॉसचं अॅनॉनिमस क्लिनिक आहे, 1991 पासून नाव न विचारता तपासणी करतात. गटात कुणाला थेट सांगायचं नसेल तर हा प्रतिसाद फॉरवर्ड करा.

आणि ग्लास नजरेआड ठेवून लघवीला गेलात तर परत आल्यावर तो पिऊ नका. नवा घ्या.

पिंपळगावकर

सर्वांचे मनापासून आभार. घंटेचं वाचून आबा हसले नाहीत, गप्प झाले. यावरून काय ते समजा.

अजून दोन शंका. आमच्यातल्या एकाला व्हेप (ई-सिगारेट) लागतं, ते नेलं तर चालेल का? आणि पैसे कसे न्यावेत?

सोमेश्वरचा_धबधबा

व्हेप घरी ठेवा. थायलंडमध्ये 2014 पासून त्याच्या आयातीवर बंदी आहे. दुकानात विकायला दिसतं म्हणून फसू नका, टुरिस्टलाही पकडतात. गांजाचं तसंच. 2022 ला मोकळा केला, 2025 मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणला. आपल्याकडे आणणं तर सरळ एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा. बँकॉकच्या विमानांतून आलेला हायड्रोपोनिक (मातीशिवाय पाण्यावर वाढवलेला) गांजा मुंबई कस्टम्स सतत पकडतंय. परतताना कुणी 'एवढी बॅग घेऊन जा ना' म्हणालं, अगदी टूरमधल्या ओळखीच्याने, तरी हात लावायचा नाही.

पैसे: परदेशी कार्डावर एटीएम दर खेपेला दोनशेच्या वर बाथ कापतं, त्यामुळे चिल्लर काढत बसू नका. मशीनने 'रुपयात करू का' विचारलं तर बाथच निवडा, रुपयाचा दर वाईट देतात. रात्री निघताना खिशात त्या रात्रीपुरती रोकड ठेवा, बाकी सगळं, कार्डंसुद्धा, रूमच्या तिजोरीत. पासपोर्टचा आणि शिक्क्याच्या पानाचा फोटो मोबाईलमध्ये असू द्या.

स्कायट्रेन मध्यरात्रीच्या आसपास बंद होते. त्यानंतर नानाजवळचे टॅक्सीवाले मीटर टाकायला नाही म्हणतात. मीटर 35 बाथपासून सुरू होतो, हे तोंडपाठ ठेवा. नाहीतर ग्रॅब (मोबाईल अॅपवरची टॅक्सी) लावा.

आणि टीडीएसी, म्हणजे येण्याआधीचा ऑनलाइन फॉर्म, 1 मे 2025 पासून सक्तीचा आहे. पोचण्याच्या तीन दिवस आधीपासून भरता येतो आणि पूर्ण फुकट आहे. पैसे मागणारी साइट उघडली तर ती बंद करा.

पिंपळगावकर

पोचलो. काल रात्रीचा हिशेब टाकतो.

ऑप्शनल नाही घेतलं. टूर मॅनेजरचं तोंड अजून वाकडं आहे. असोकला उतरलो, सोई काउबॉयच्या एका टोकाला शिरलो आणि दुसऱ्या टोकाला कधी निघालो कळलं नाही. आबा म्हणाले, "बस एवढंच? यापेक्षा दिवाळीत रविवार कारंजा लांब वाटतो." मग बाहेरच्या टेबलावर बसलो. दोन बिअर, चार कोक. प्रत्येक चिठ्ठी मी मोठ्याने वाचली, शेजारच्या टेबलावरचे गोरे हसत होते. हिशेब बरोबर निघाला. दिंडोरीच्या अण्णांनी शेवटी मोबाईल काढलाच. बाउन्सर आला, व्हिडिओ डिलीट करून घेतला आणि वर हात जोडून गेला. घंटा आत होती, आबांना पाठमोरं बसवलं. सव्वाअकराच्या गाडीने परत.

सकाळी सोई 23 मधून चालताना आपला झेंडा दिसला. आबांनी थांबून नमस्कार केला आणि मला हळूच विचारलं, "इथली जागा यांना दाखवली कुणी?"

आज दुपारी पट्टाया. अण्णा जेट स्की म्हणतायत. कुणाला अनुभव?

अंबड_लिंक_रोड

बुडवा अण्णांचा बेत. परत केल्यावर जुनाच ओरखडा दाखवून हजारो बाथ मागतात, पट्टायाची ती जुनी खोड आहे. अगदीच ऐकत नसतील तर बसण्याआधी स्कीचा चारही बाजूंनी, खालूनसुद्धा, व्हिडिओ काढा, मालकाला दाखवून. पासपोर्ट तारण ठेवायला मागितला तर तिथूनच परत फिरा. अण्णांचा हात व्हिडिओ काढायला शिवशिवतोच आहे, तर हे काम त्यांनाच द्या.