आईच्या गटाची वही आणि आमची (नसलेली) शेळी : बचत गट, महिला मंडळाचे अनुभव लिहा

काल माळ्यावरची ट्रंक उतरवली (उंदरांनी संसार थाटलाय तिथं, ते वेगळं पुराण) तर तळाशी आईची बचत गटाची वही. मी तिथंच शिडीशी बसून वाचत राहिले, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या कळलं नाही, डाळीचा लगदा.

आमचं गाव माण तालुक्यात. दुष्काळ सांगायला नको. १९९९ ला एक ताई एसटीने यायच्या, त्यांनी चौदा बायका जमवल्या, महिन्याला २० रुपये. उशीर झाला तर २ रुपये दंड, बैठक बुडवली तर ५. आजी म्हणायची "चालल्या मंत्रालयात". कर्जाला शेकडा २ रुपये महिना व्याज. वर्षाचं २४ टक्के झालं की, म्हणून पुण्याचा मामा हसायचा. पण गावात सावकार शेकडा पाच न् दहा घेत होता, आणि गटाचं व्याज फिरून गटातच येत होतं, ते त्याला कुठून कळणार.

तर वहीत एक रकाना आहे, कर्जाचं कारण. ऑगस्ट २००४, रु. ४०००, कारण : शेळी. आमच्याकडे शेळी कधीच नव्हती. गोठाच नव्हता. त्या महिन्यात फक्त माझी डीएडची ऍडमिशन झाली होती. अण्णा "बारावी झाली, आता बास" म्हणाले होते आणि मला आजवर वाटत होतं की पैसे मामाने दिले.

आईला अजून विचारलं नाहीये, संध्याकाळी फोन करते. तोवर तुम्ही लिहा, तुमच्या घरी कोण होतं गटात, मंडळात, काय मिळालं, काय नाही.

शेवंती
माझ्या आईची म्हैस होती. कागदावर. तिच्या दुधावर आमच्या घराचा पत्रा बदलला 😂

रिटायर्ड_माणूस
मी बँकेत होतो, ग्रामीण शाखेत, त्यामुळे दुसरी बाजू सांगतो. १९९२ ला नाबार्डने ५०० गटांचा प्रयोग काढला तेव्हा आमचे साहेब म्हणाले, विनातारण बायकांना कर्ज? बुडणार. माझ्या शाखेत बुडाले ते बागायतदार, बायकांचे हप्ते तारखेला. आता शेळीचं. पुढे सरकारी योजनेतून अनुदानाची कर्जं आली तेव्हा पाहणीला जावं लागायचं. एका वाडीत सहा घरी सहा शेळ्या पाहिल्या, सहाव्या घरी लक्षात आलं की डाव्या कानाला खाच असलेली ही बाई आपल्या आधीच पोचतेय. चहा घेतला, सही केली, आलो. त्या गटाचा एक हप्ता चुकला नाही.

शेवंती
@रिटायर्ड काका, शेळीला ओव्हरटाइम द्यायला हवा होता.

गिरगावची
आमच्याकडे गट नव्हता, लिज्जत होतं. १९५९ ला गिरगावातच एका गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलं ते. आजी पुष्कळ नंतर लागली. सकाळी पीठ आणायचं, दिवसभर लाटायचं, दुसऱ्या दिवशी पापड देऊन मजुरी घ्यायची. चाळीच्या दोन खोल्यांत माणसं कमी न् पापड जास्त. आम्हा पोरांना पळायला बंदी, पंखा लावायला बंदी. मला आजही उडदाच्या पिठाचा वास आला की पंख्याकडे बघायला होतं. आजोबा गिरणीत होते, ८२ चा संप झाला, त्यानंतर ते घर पापडांवरच चाललं. आजोबा लाट्या करायचे, पण दार लावून 🙂

जर्सीकर
आम्ही पण इथे बारा जणी मिळून महिन्याला १०० डॉलर काढतो, चिठ्ठी निघेल तिला सगळे. हाच ना बचत गट?

रिटायर्ड_माणूस
नाही हो ताई, ती भिशी. भिशीत पैसा फिरतो आणि संपतो. गटात तो साठतो, वाढतो, लागेल तिला मिळतो, चिठ्ठीची वाट बघायला नको. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब, याला पंचसूत्री म्हणतात.

जर्सीकर
ओके काका. आमच्यात नियमित फक्त पावभाजी आहे.

वऱ्हाडी_ठेचा
तुमचं गोड गोड चालू आहे म्हणून सांगतो, माह्या मावशीच्या गटाले शाळेच्या खिचडीचं काम भेटलं होतं. दोनशे पोरं रोजची. बिल निघे चार चार महिन्यानं, तवरोक किराणावाला उधारी देई तो मावशीच्या तोंडाकडे पाहून. गॅस संपला की घरचा सिलेंडर. वरून साहेब येऊन चव घेऊन जाय न् म्हने मीठ कमी आहे. शेवटी सोडलं तिनं. बाया सक्षम झाल्या म्हणून फोटो मात्र दोनदा निघाला.

पारूची_मम्मी
अगदी खरं!! बाळ उठलं, नंतर लिहिते

एकटी_नाही
इथे लिहू की नको, दोनदा टाइप करून खोडलं. २०११. नवरा मारायचा, माहेरी सांगितलं तर "सांभाळून घे". गटाची बैठक दर महिन्याच्या पाच तारखेला, त्या महिन्यात मी गेले नाही, पुढच्याही नाही. तर दंड घ्यायला म्हणून चौघी घरी आल्या. दंडाचं नुसतं निमित्त होतं. अध्यक्ष काकू सासूला म्हणाल्या "हिचे दोन महिन्यांचे १० रुपये द्या, आणि हिचा हात का सुजलाय ते पण सांगा". मग त्याच मला पोलिसांकडच्या महिलांच्या विशेष कक्षात घेऊन गेल्या. तिथली समाजसेविका म्हणाली हा कक्ष मुंबईत १९८४ पासून आहे, टाटा इन्स्टिट्यूटने सुरू केलेला, मग राज्यभर झाले. मला तेव्हा काय त्याचं, मी फक्त रडत होते, पण तिने घाई केली नाही. तक्रार कर म्हणाली नाही, तडजोड कर पण म्हणाली नाही, तुला काय हवंय विचारलं. हे मला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. पुढे संरक्षण अधिकारी, कोर्ट, दोन वर्षं गेली. आता मी आणि मुलगा, शिलाईचं दुकान आहे. मशीन गटाच्या कर्जातलं. खरोखर मशीनच घेतलं, शेळी नाही.

शेवंती
ताई 🙏 शेवटचं वाक्य वाचून हसू पण आलं न् डोळ्यात पाणी पण.

पारूची_मम्मी
@एकटी_नाही मिठी. कुणाला लागलं तर १८१ हा महिलांसाठीचा हेल्पलाइन नंबर आहे, तातडीचं असेल तर ११२. मैत्रिणीसाठी केला होता मी फोन. आणि दुसऱ्यासाठी पण करता येतो, बऱ्याच जणींना वाटतं की स्वतः जिला त्रास तिनेच करायचा.

कोल्हापुरी_पांढरा
एक सांगू का, आता गल्लीत जे दर आठवड्याला येतात हप्ता गोळा करायला, त्याला पण लोक गटच म्हणतात. तो गट न्हवं. ती कंपनी. दहा बायका बसवायच्या, एकीनं चुकवला की बाकीच्यांनी भरायचा, व्याज कंपनी घेऊन गेली. आमच्या वहिनीची अशी तीन कर्जं निघाली, एकाचं भरायला दुसरं. घरात कुणाला पत्ता न्हाई. आईच्या जुन्या गटानं शेवटी एक फेडून दिलं तिचं, ते पण "परत असलं केलंस तर बघ" म्हणून.

जर्सीकर
बचत गटाची सोलापूरची कडक भाकरी इकडे कोण पाठवतं का? मागच्या वेळी बॅगेत आणली ती कस्टमवाल्याने ठोकून बघितली.

गिरगावची
भाकरी पोचेल, तुझे दात टिकतील का बघ.

माणची_मास्तरीण (धागाकर्ती)
केला फोन. आधी म्हणाली कुठली वही, मग म्हणाली उंदरांनी खाल्ली नाही का अजून. मी म्हटलं शेळीचं काय. तर म्हणे, "अगं अण्णा वही बघायचे ना. आणि मी एकटी कुठं, शांताकाकूची शेळी म्हणजे तिचं गर्भाशयाचं ऑपरेशन, धाकटीच्या सासूची शेळी म्हणजे लेकीचं बाळंतपण. सगळ्या गटाला माहीत होतं. सचिव लिहितानाच विचारायची, शेळी लिहू का करडू? करडू म्हणजे हजाराच्या आतलं."

फेडायला किती वर्षं लागली विचारलं तर म्हणाली सव्वा दोन, आणि मध्येच "तू डाळीला हिंग कधी घालतेस गं, आधी का नंतर" सुरू केलं.

शेवंती
आधी. तेलात.

वऱ्हाडी_ठेचा
करडू 😂😂 मावशीले विचारतो आता.