मदत हवी आहे: गुडघ्यात बाभळीचा काटा राहिला असेल का? एक्स-रे स्वच्छ, पण सूज जात नाही

बाबा ५८ वर्षांचे, सोलापूर जिल्ह्यात शेती करतात. पावसाळ्याआधी बांधावरची वेडी बाभूळ तोडताना गुडघा टेकला आणि काटा वाटीच्या बाजूने आत गेला. त्यांनी तो जागीच उपटला, धनुर्वाताचं इंजेक्शनही घेतलं. जखम बुजली आणि मग गुडघा सुजायला लागला. ताप नाही, पण मांडी घालता येत नाही, धारा काढायला उकिडवं बसता येत नाही.

अँटिबायोटिक दिलं की सूज ओसरते, गोळ्या संपल्या की परत येते. सुईने पाणी काढलं; कल्चरमध्ये जंतू वाढले नाहीत, सीबीनॅट ही टीबीच्या जंतूंची तपासणीही निगेटिव्ह. तरी आता डॉक्टर 'टीबी धरून एकेटी (टीबीची औषधं) सुरू करू' म्हणतात. दुसऱ्या डॉक्टरांनी सांध्यात स्टेरॉइड सुचवलं. मला दोन्हीची भीती वाटते. काट्याचा विषय काढला की 'एक्स-रेत दिसला असता' एवढंच उत्तर मिळतं. खरंच दिसतो का? आधी सोनोग्राफी करावी की थेट एमआरआय? काटा दुर्बिणीतून निघतो का? रब्बीची पेरणी तोंडावर आहे आणि बाबा आता 'राहू दे असंच' म्हणायला लागलेत. कृपया कळवा.

प्रतिसाद:
ताई, मी रेडिओलॉजिस्ट आहे. धातू एक्स-रेत दिसतो, काचही बहुधा दिसते. काटा सहसा दिसत नाही. तुमची शंका रास्त आहे. आधी सोनोग्राफी करा, सांध्यांची सवय असलेल्याकडेच. काटा जिथून घुसला ती जागा बाबांनी बोटाने दाखवावी. तिथे प्रोब ठेवला तर पांढरी रेघ दिसू शकते. हाडाआड असेल तर मात्र नजरेतून सुटतो. एमआरआयमध्ये पाणी आणि सांध्याचं जाड झालेलं आतलं अस्तर दिसतं, बारीक तुकडा दिसेलच असं नाही.

दोन्हीत सापडला नाही तरी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेबद्दल अस्थिरोगतज्ज्ञांशी जरूर बोला. त्यात सांधा धुतात, सुजलेलं अस्तर काढतात, काटा हाती लागला तर तोही निघतो. तेच अस्तर बायोप्सीला आणि टीबीच्या तपासणीला पाठवता येतं. सांध्याच्या टीबीचं औषध वर्षभर किंवा जास्त चालतं, म्हणून त्या रिपोर्टपर्यंत थांबता येईल का ते विचारा. संसर्ग नाही हे ठरेपर्यंत स्टेरॉइड नको. अचानक ताप आला, गुडघा लाल-गरम झाला, पाय टेकवेना, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

बायोप्सीच्या फॉर्मवर 'बाभळीचा काटा लागला होता' हे नक्की लिहून घ्या. मग पॅथॉलॉजिस्ट ध्रुवित प्रकाशात वनस्पतीचे कण मुद्दाम शोधतात.