ब्रेक्झिटच्या वाटाघाटींचा काळ: तुम्ही तो कसा काढलात?

२३ जून २०१६ ला ब्रिटनने ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्क्यांनी युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल दिला. त्या कौलावर आपल्याकडे भरपूर वाद झाले. त्यानंतरच्या साडेतीन वर्षांबद्दल मात्र कुणी फारसं लिहिलं नाही. २९ मार्च २०१७ ला तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी संघातून बाहेर पडायचं कलम ५० लागू केलं, दोन वर्षांची मुदत सुरू झाली आणि पुढे ती तीनदा वाढली. २०१९ चा २९ मार्च, मग १२ एप्रिल, ३१ ऑक्टोबर, अखेर ३१ जानेवारी २०२०. मी तेव्हा मँचेस्टरला होते. बसमध्ये, ऑफिसात, शाळेच्या फाटकाशी एकच वाक्य कानावर यायचं: 'जस्ट गेट ऑन विथ इट', म्हणजे एकदाचं उरका. 'राहा'वालेही तेच म्हणायचे आणि 'निघा'वालेही. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी ही माणसं राग एकाच संसदेवर काढत होती.

ब्रेक्झिट बरोबर की चूक हा वाद इथे नको. त्या काळात तुमचं काय अडलं, काय लांबलं, संताप कशाचा आला ते या चर्चेच्या धाग्यात लिहा. ब्रिटनबाहेरच्यांनीही लिहा. कंपनी किंवा ऑफिसचं नाव नको.

स्विंडन, मूळ डिचोली

मी इथे पोर्तुगीज पासपोर्टवर आले. बाबांचा जन्म १९६१ च्या आधीचा, गोव्यातला. तो लिस्बनला नोंदवला आणि मग आम्हा भावंडांनाही पोर्तुगालचं नागरिकत्व मिळालं. भारतीय पासपोर्ट परत करावा लागला. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. इथे गोदामांत, कारखान्यांत आमच्यासारखे गोंयकार भरपूर आहेत.

सार्वमतात मला मत नव्हतं. आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या नाशिकच्या मुलाला होतं. तो नुकताच वर्क व्हिसावर आलेला, पण भारतीय म्हणजे राष्ट्रकुलातला, म्हणून मतदार. मी इथे कर भरत होते, मुलं इथल्या शाळेत जात होती आणि माझंच राहणं त्या कौलावर ठरणार होतं. त्या मुलाचा यात काही दोष नाही. राग आहे तो नंतरचा. आम्ही तीस लाखांहून जास्त माणसं इथे होतो. 'तुम्ही आहात तिथेच राहाल' एवढं सरकारने पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. त्याऐवजी आधी समोरच्यांनी त्यांच्याकडच्या ब्रिटिशांची हमी द्यावी, मग आम्ही बघू, असं चाललं. आम्हाला सौद्यात मांडलं होतं.

मग सेटल्ड स्टेटसची, म्हणजे आम्हा युरोपीय नागरिकांना इथे राहायचा हक्क नोंदवायची योजना आली. माणशी ६५ पाउंड फी ठरली आणि जानेवारी २०१९ मध्ये ती रद्दही झाली. त्यासाठीचं ॲप आधी फक्त अँड्रॉइडवर चालायचं. माझ्या पगाराची, कराची नोंद होती म्हणून माझं पटकन झालं. बाबांचं अडलं. ते घरी माझी मुलं सांभाळायचे. ना नोकरी, ना नावावर एखादं बिल. दवाखान्याची पत्रं, बँकेतून आलेले कागद, जे सापडेल ते जमवलं. एवढं करून हातात कार्ड नाहीच, सगळं ऑनलाइन. आपला हक्क ऑनलाइन दाखवायचा शेअर कोड म्हणजे काय, ते घरमालकाला आम्हीच समजावायचं.

त्यातच फेब्रुवारी २०१९ मध्ये होंडाने इथला कारखाना बंद करायचं जाहीर केलं. साडेतीन हजार नोकऱ्या. कंपनीने कारण वेगळं दिलं, जगभरातल्या गाड्यांच्या बाजारातले बदल वगैरे. आमच्या कँटीनमध्ये ते कुणालाही पटलं नाही.

लंडन, मूळ पुणे

वरच्या ताईंनी लिहिलेल्या भाडेकरूसारखाच मीही. भारतीय पासपोर्टवर मत दिलं, 'राहा'ला दिलं.

मी बँकांच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. करार न होताच देश बाहेर पडला तर युरोपातल्या ग्राहकांचे व्यवहार लंडनहून करता येणार नव्हते. म्हणून संघातच राहणाऱ्या आयर्लंडमध्ये, डब्लिनला वेगळी कंपनी, तिची वेगळी खाती आणि एका रात्रीत सगळं तिकडे हलवायची तयारी. २९ मार्चसाठी रंगीत तालमी झाल्या, शनिवार-रविवार त्यात गेले. २१ मार्चच्या रात्री तारीख १२ एप्रिलवर गेली. पुन्हा तालीम. मग ३१ ऑक्टोबर. टीममधल्या एकीने लग्नाची तारीख बदलली होती, ती पुन्हा बदलली.

संसदेचं थेट प्रक्षेपण आम्ही कामाच्या स्क्रीनवर बाजूला उघडं ठेवायचो. १५ जानेवारी २०१९ ला मे यांचा करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला. मार्चमध्ये तोच करार पुन्हा दोनदा पडला. पण मला जास्त लागली ती २७ मार्चची संध्याकाळ. त्या दिवशी खासदारांनी सरकारच्या हातून कामकाज आपल्याकडे घेऊन आठ पर्याय मांडले: सीमाशुल्क संघात राहा, दुसरं सार्वमत घ्या, करार न करता निघा, कलम ५० मागे घ्या वगैरे. आठही नामंजूर. १ एप्रिलला त्यातले चार पुन्हा मांडले, तेही नामंजूर. काय नको हे त्या सभागृहाला पक्कं ठाऊक होतं. काय हवं ते सांगायची जबाबदारी कुणीच घेत नव्हतं. कलम ५० रद्द करा म्हणणाऱ्या अर्जावर तेव्हा साठ लाखांहून जास्त सह्या झाल्या, त्यात माझीही. सरकारने नम्रपणे नाही म्हटलं.

वुल्व्हरहॅम्प्टन, मूळ नागपूर

मी निवृत्त डॉक्टर आहे, १९७३ पासून इथे. १९७५ च्या सार्वमतात मी 'राहा' म्हटलं होतं. तेव्हा ६७ टक्क्यांनी तसंच म्हटलं. ती समाईक बाजारपेठ होती. पुढे तिचं जे झालं ते मला कुणी विचारून झालं नाही. २०१६ ला मी 'निघा' म्हटलं आणि आजही त्या मतावर ठाम आहे. आमच्या शहराने ६२.६ टक्के मतं तशीच दिली.

ठाम राहायचं माझं एक कारण घरचंच. पुतण्या एमडी, इथल्या रुग्णालयाने नोकरी देऊ केली, तरी व्हिसा नाकारला. डिसेंबर २०१७ पासून युरोपबाहेरच्या कुशल नोकरदारांसाठीच्या टियर २ व्हिसाचा मासिक कोटा दर महिन्याला भरत होता. एकीकडे रुग्णालयात डॉक्टर नाहीत आणि दुसरीकडे भारतातल्या डॉक्टरला दार बंद. जून २०१८ मध्ये डॉक्टर आणि नर्स त्या कोट्यातून वगळायचं जाहीर झालं, तोवर तो ऑस्ट्रेलियाला निघून गेला होता. हा कोटा लंडननेच घातला होता, ब्रसेल्सने म्हणजे युरोपीय संघाने नव्हे, हे मला माहीत आहे. पण युरोपातून येणाऱ्यांना थांबवता येत नव्हतं, म्हणून बाहेरून येणाऱ्यांचा आकडा कमी करायचा तर तो आमच्यावर, हे उघड होतं.

आता वाटाघाटींचं. २०१७ च्या निवडणुकीत दोन्ही मोठ्या पक्षांनी कौल मानू असं लिहून दिलं होतं. निवडून आल्यावर त्याच खासदारांनी प्रत्येक वाट अडवली. वरचे पुणेकर त्या आठ पर्यायांबद्दल लिहितात; 'राहा'वाले असूनही त्यांना जी चीड आली तीच मला आली. २३ मे २०१९ ला तर आम्हाला युरोपीय संसदेसाठी मतदान करायला लावलं! बाहेर पडायचा कौल देऊन तीन वर्षं होत आली होती. लोकांनी उत्तर दिलं: काही महिन्यांपूर्वी जन्मलेला ब्रेक्झिट पक्ष पहिला आणि सत्ताधारी पक्ष पाचवा. डिसेंबरच्या निवडणुकीत आमच्या शहरातल्या तीनपैकी दोन जागा मजूर पक्षाच्या हातून गेल्या. माझे शेजारी पिढ्यानपिढ्या मजूर पक्षाचे. त्यांना बोरिस जॉन्सन आवडत होते म्हणून त्यांनी तसं केलं नाही. आपलं मत कचऱ्यात टाकलं जातंय, हे त्यांना सहन होत नव्हतं.

निफाड

मी ब्रिटनमध्ये राहत नाही. द्राक्षं पाठवतो. धाग्यात बाहेरच्यांनाही बोलावलंय म्हणून लिहितो.

आमचा निर्यातीचा हंगाम जानेवारी ते एप्रिल. आता ती तारीख बघा: २९ मार्च २०१९, ऐन भरात. न्हावाशेवाहून रीफर (शीत) कंटेनर निघाला की तिकडच्या बंदरात लागायला तीन आठवडे तरी जातात. म्हणजे मार्चच्या सुरुवातीला मी जो माल भरणार, तो उतरेल तेव्हा ब्रिटन संघात असेल की नसेल, करार असेल की नसेल, हे त्यांच्या पंतप्रधानांनाच ठाऊक नव्हतं.

ब्रिटनचा बराच माल आम्ही रॉटरडॅमला उतरवायचो. एकदा तिथे तपासणी आणि शुल्क झालं की पुढे ट्रक-फेरीने इंग्लंडला जायला आडकाठी नाही. करार न होता ते निघाले असते तर तोच माल इंग्लंडच्या दारात पुन्हा परदेशी ठरला असता. मग थेट ब्रिटिश बंदर धरायचं का? ग्राहक रोज वेगळं सांगायचा. करार झाला नाही तर आयातशुल्क किती, ते दर ब्रिटिश सरकारने जाहीर केले १३ मार्चला. मुदत सोळा दिवसांवर आणि माझे कंटेनर अरबी समुद्र ओलांडून गेलेले.

द्राक्ष थांबत नाही. मण्यात गोडी उतरली की काढणी करावीच लागते. काढला की प्रीकूलिंग, पनेट (छोटा डबा), पेटी, कंटेनर. औषधांच्या अंशाची तपासणी प्लॉटनिहाय होते, त्या अहवालालाही मुदत असते. मी कुणाला म्हणू, थोडं थांबा, तिकडे मतदान चाललंय? बागायतदार मला विचारायचे, 'भाऊ, भाव कधी फोडता?' मी भाव कशाच्या आधारावर फोडणार होतो? पाउंडाचं तर विचारूच नका. सार्वमताआधी शंभर रुपयांच्या आसपास असलेला पाउंड त्याच वर्षी ऑक्टोबरपर्यंत ऐंशी-ब्याऐंशीवर आला होता. त्यांच्या सभागृहात कुणी भाषण केलं की इथे पिंपळगावात आमची गणितं चुकायची.

अखेर मुदत वाढली आणि माल नेहमीसारखा उतरला. पण त्या मार्चमध्ये धास्तीने मी ब्रिटनसाठीचा काही माल दुसरीकडे कमी भावात वळवला होता. तो फरक कुणी भरून दिला नाही. तो गेला बागायतदाराच्या खिशातून आणि माझ्या.

केंब्रिज

बायको जर्मन. सार्वमतानंतर कायम वास्तव्याचा कागद काढू म्हटलं तर ८५ पानांचा अर्ज. तो भरताना कळलं की विद्यार्थी म्हणून काढलेल्या वर्षांत तिच्याकडे स्वतंत्र आरोग्यविमा हवा होता. एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा सगळ्यांना असताना विमा कोण काढतो? ती वर्षं धरलीच नाहीत. ती महिनाभर कुणाशी धड बोलली नाही. याहून जास्त लिहवत नाही.

बेलफास्ट, मूळ मालवण तालुका

सगळे लंडनच्या संसदेबद्दल लिहितायत, पण आमच्याकडे तर बोलायला विधानसभाच नव्हती. स्टॉरमाँट, म्हणजे उत्तर आयर्लंडची विधानसभा, जानेवारी २०१७ मध्ये बंद पडलं ते जानेवारी २०२० मध्ये उघडलं. म्हणजे वाटाघाटींचा जवळजवळ सगळा काळ. उत्तर आयर्लंडने ५५.८ टक्क्यांनी 'राहा' म्हटलं होतं आणि संघातच राहणाऱ्या आयर्लंडशी लागून असलेल्या आमच्याच सीमेचा पेच सगळ्यात मोठा होता. तरी लंडनमध्ये मे यांचं सरकार टेकू देऊन उभं होतं ते डीयूपीच्या (डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाच्या) दहा खासदारांवर, म्हणजे 'निघा'वाल्या पक्षावर. बाकीच्यांचं कोण ऐकणार?

मी नर्स आहे. वॉर्डातल्या दोघी सीमेपलीकडून, डंडॉकहून रोज यायच्या. न्यूरी सोडल्यावर सीमा कुठे लागते ते कळतही नाही. वेगमर्यादेच्या पाट्या मैलांऐवजी किलोमीटरमध्ये येतात, तेवढीच खूण. आमच्या जुन्या सिस्टरला तिथले सैनिक आणि गाड्यांच्या झडत्या आठवतात. इथला हिंसाचार थांबवणाऱ्या १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर हळूहळू ते सगळं गेलं. 'बॅकस्टॉप' (सीमेवर तपासणी परत येऊ नये म्हणून करारात घातलेली तरतूद) हा शब्द टीव्हीवर लागला की ती आवाज बंद करायची. लंडनमधले लोक जणू एखाद्या फॉर्मवरची अट असावी तसे त्यावर बोलायचे. तिच्या भावाचं दुकान झडत्यांच्या त्या काळात स्फोटात गेलं होतं.

गावाहून मात्र वेगळेच फोन. आयर्लंडचे तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकर, त्यांचे वडील आमच्याच तालुक्यातल्या वराडचे. आई विचारायची, 'आपलो वराडकर काय म्हणता?' इकडे माझ्याबरोबर काम करणाऱ्या युनियनिस्ट (ब्रिटनमध्येच राहू पाहणाऱ्या) घरातल्या मुलीला ते नावही चालायचं नाही. मी दोघींचं ऐकून घ्यायचे. १० ऑक्टोबर २०१९ ला वराडकर आणि जॉन्सन इंग्लंडमध्ये विरलला भेटले, त्यातून वाट निघाली आणि आठवडाभरात करार झाला. जमिनीवरची सीमा वाचली, तपासणी उत्तर आयर्लंड आणि बाकी ब्रिटन यांच्यामधल्या समुद्रावर आली. डिसेंबरच्या शेवटी वराडकर वराडला जाऊन आले, तेव्हा आईने फोनवर अख्खा सोहळा सांगितला. माझ्या त्या मैत्रिणीच्या घरी मात्र आपल्याला फसवलं अशीच भावना होती. तिचे वडील म्हणायचे, ब्रिटनमधून ब्रिटनमध्येच सामान आणायला कागद का? त्या प्रश्नाचं उत्तर त्यांना निवडणुकीआधी कुणी सरळ दिलं नाही. कागद लागणार नाहीत असंच सांगितलं गेलं. मला सगळ्यात जास्त राग त्याचा आहे.

स्विंडन, मूळ डिचोली

डॉक्टरकाका, तुमच्या पुतण्यावर अन्याय झाला हे मला मान्य आहे. पण लोकांनी कौल दिला असं तुम्ही म्हणता तेव्हा त्या लोकांत मी नव्हते, आणि तुमच्या पुतण्याचं दार मी बंद केलेलं नव्हतं. आपल्या दोघांना एकाच रांगेत पुढेमागे उभं करणाऱ्यांना हा प्रश्न विचारायला हवा होता.

आणि केंब्रिजच्या दादांना: सेटल्ड स्टेटसला त्या आरोग्यविम्याची अट नव्हती. वहिनींचं नंतर झालं असेलच. धागा वाचणाऱ्या कुणाच्या घरी अर्ज राहून गेलेलं म्हातारं माणूस असेल तर ३० जून २०२१ ची मुदत गेली म्हणून सोडून देऊ नका. सबळ कारण दाखवलं तर उशिराचा अर्जही घेतात. आजारपण हे कारण त्यात बसू शकतं. मदत हवी असेल तर इथेच लिहा, बाबांच्या वेळी कुठले कागद चालले ते सगळं सांगते.