मिसलटोची औषधी ख्याती: दंतकथा आधी की गुण आधी?

अक्षरवेल्हाळ

नमस्कार. युरोपच्या लोककथा वाचताना मिसलटो हे सदाहरित बांडगूळ वारंवार भेटते. एका कथेत ते देवाचा जीव घेते, नाताळात त्याची डहाळी दारावर टांगून तिच्याखाली चुंबन घेतले जाते आणि जुन्या वैद्यकात तर ते सर्व रोगांवरचा उतारा ठरते. एकाच वनस्पतीला इतके परस्परविरोधी लौकिक कसे चिकटले असावेत? दुसरा प्रश्न अधिक निकडीचा आहे. माझ्या एका नातेवाइकांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत आणि त्यांनी मिसलटोच्या वाळलेल्या पानांचा चहा मागवला आहे. पाकिटावर ‘दोन हजार वर्षांची परंपरा’ असे छापलेले आहे. ही परंपरा नेमकी कशाची आहे आणि तिच्यावर कितपत विसंबावे, हे जाणकारांनी सांगावे.

पोथीनिष्ठ

दोन हजार वर्षांचा हिशेब बहुधा थोरल्या प्लिनीवरून आलेला असावा. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मरण पावलेल्या या रोमन लेखकाने आपल्या निसर्गविषयक ग्रंथाच्या सोळाव्या खंडात गॉलमधील (आजच्या फ्रान्सच्या परिसरातील) ड्रुइड पुरोहितांचा विधी वर्णिला आहे. चांद्रमासाच्या सहाव्या दिवशी शुभ्र वस्त्र नेसलेला पुरोहित ओक वृक्षावर चढून सोन्याच्या विळ्याने मिसलटो कापतो, खाली उभे असलेले लोक ते पांढऱ्या वस्त्रात झेलतात आणि मग दोन पांढऱ्या बैलांचा बळी दिला जातो. त्याचे पेय पाजल्यास वांझ जनावरांना गर्भ राहतो आणि ते सर्व विषांवर उतारा आहे, अशी त्या लोकांची श्रद्धा असल्याचे प्लिनी सांगतो. ड्रुइडांनी स्वतःविषयी काहीही लिहून ठेवलेले नसल्यामुळे विळा आणि मिसलटो घेतलेल्या ड्रुइडाचे आजचे प्रसिद्ध चित्र या एकाच परक्या माणसाच्या उताऱ्यावर उभे आहे, हे विसरता कामा नये. १९८४ मध्ये इंग्लंडमधील चेशर परगण्यात, लिंडो येथील दलदलीत सापडलेल्या प्राचीन पुरुषाच्या आतड्यात मिसलटोचे चार परागकण मिळाले, तेव्हा ड्रुइडांच्या विधीचा पुरावाच हाती लागला असे काहींना वाटले. परंतु चार कण अन्नातून किंवा पाण्यातूनही पोटात जाऊ शकतात, त्यामुळे मला तो पुरावा फार तोकडा वाटतो.

देवाचा जीव घेणारी कथा नॉर्स, म्हणजे प्राचीन स्कँडिनेव्हियाची आहे. आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसन याने ती तेराव्या शतकात लिहून ठेवली. बाल्डरला अपाय करणार नाही अशी शपथ त्याची आई फ्रिग सर्व वस्तूंकडून घेते. मिसलटो मात्र अगदीच कोवळे म्हणून वगळते. लोकी हा कपटी देव नेमके तेच आणून होड या आंधळ्या देवाच्या हाती देतो आणि त्याच्या फेकीने बाल्डर कोसळतो. फ्रिगच्या अश्रूंची पांढरी फळे झाली आणि आनंदाने तिने चुंबनाची प्रथा घालून दिली, असा जो शेवट सर्वत्र सांगितला जातो, तो स्नोरीच्या कथेत नाही. तिथे बाल्डर हेल या मृतांच्या देवीच्या राज्यातून परत येतच नाही. चुंबनाची प्रथा इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ठळकपणे दिसू लागते आणि तिच्या एका प्रकारात प्रत्येक चुंबनामागे एक फळ तोडायचे, फळे संपली की चुंबनेही संपली, असा नियम होता. ही नंतरची, हसरी प्रथा आणि ती जुनी शोककथा यांची सांगड पुढच्या लोकांनी घातली, असे माझे स्पष्ट मत आहे.

पानगळ

वरील प्रतिसाद उत्तम आहे, पण ही वनस्पती डोळ्यांसमोर आणल्याशिवाय तिच्याभोवती एवढ्या कथा का जमल्या हे उलगडणार नाही. मिसलटोचे मूळ मातीत कधीच जात नाही. सफरचंद, पॉप्लर, लिंडेन अशा झाडांच्या फांद्यांत ते आपली शोषकमुळे रुतवते आणि पाणी व क्षार यजमान झाडाकडून घेते. पाने हिरवी असल्यामुळे अन्नाचा काही भाग मात्र स्वतः तयार करते. हिवाळ्यात यजमान झाड पूर्ण निष्पर्ण होते, तेव्हा उघड्या फांद्यांमध्ये हिरवा गोल झुबका अधांतरी राहिल्यासारखा दिसतो, आणि सगळे रान सुकलेले असताना त्याची मोत्यासारखी फळे पिकत असतात. मातीशी संबंध नसलेली आणि थंडीत न मरणारी अशी वनस्पती ज्यांनी पाहिली, त्यांना तिच्यात दैवी काही दिसले नसते तरच नवल.

फळ बोटांनी दाबून पाहावे. आतला गर इतका चिकट असतो की त्याचे लांब तंतू निघतात आणि बी बोटाला चिकटून राहते. मिसल थ्रश हा पक्षी फळे गिळतो आणि त्याच्या विष्ठेतून चिकट माळेसारख्या बिया फांद्यांवर लोंबतात. ब्लॅककॅप हा छोटा पक्षी साल आणि गर तेवढा खातो व चोचीला चिकटलेले बी फांदीवर घासून टाकतो. बी प्रकाशात सालीवरच रुजते, त्यातून निघालेला हिरवा कोंब वाकून फांदीला टेकतो आणि तिथे चकती तयार करून आत शिरतो. पुढे प्रत्येक फांदी साधारणपणे वर्षातून एकदा दुभंगते, म्हणून दुफाटे मोजून झुबक्याच्या वयाचा अंदाज बांधता येतो. ओकवर मिसलटो क्वचितच उगवते, हे प्लिनीनेही नोंदवले आहे. त्याच्या पावित्र्याचे मोठे कारण हे दुर्मीळपणच असावे, असे मला वाटते.

खलबत्ता

मी औषधनिर्माणशास्त्राच्या बाजूने लिहितो. पानगळ यांनी वर्णिलेला हा अधांतरीपणाच उपचारांच्या मुळाशी आहे. प्लिनी पुढच्या एका खंडात सांगतो की जमिनीला न टेकलेले ओकचे मिसलटो अपस्मारावर चालते. अपस्माराचा रोगी जमिनीवर कोसळतो, मिसलटो मात्र कधीच खाली पडत नाही; तेव्हा ते जवळ बाळगणाराही पडणार नाही, असे साम्यावरून काढलेले हे अनुमान आहे. लंडनचे वैद्य जॉन कोलबॅच यांनी १७१९ मध्ये मिसलटो हे आकडीवरचे अद्भुत औषध असल्याचे प्रतिपादन करणारा निबंध प्रसिद्ध केला. ड्रुइडांच्या समजुती त्यांना मान्य नव्हत्या आणि लिंडेनवरचे मिसलटोही चालेल असे ते म्हणत. तरीही एवढी विलक्षण वनस्पती ईश्वराने केवळ थ्रश पक्ष्यांच्या चाऱ्यासाठी निर्माण केली नसणार, असाच त्यांचा युक्तिवाद होता. म्हणजे श्रद्धा नाकारूनही तर्क जुनाच राहिला.

विसाव्या शतकात ऑस्ट्रियन तत्त्वचिंतक रुडॉल्फ स्टायनर यांनी, ज्याप्रमाणे मिसलटो यजमान झाडावर वाढते त्याप्रमाणे कर्करोग शरीरात वाढतो, या साम्यावरून ते कर्करोगावर सुचवले. डॉ. इता वेगमान यांनी त्याची इंजेक्शने वापरात आणली. स्वित्झर्लंडमधील आर्लेसहाइम येथे १९२१ मध्ये त्यांनी आपले रुग्णालय सुरू केले. जर्मनीत ही इंजेक्शने आजही दिली जातात आणि कोणत्या झाडावरचे मिसलटो वापरले आहे, यानुसार त्यांचे प्रकार पाडले जातात. इथे सगळेच कल्पित आहे असेही म्हणता येत नाही. मिसलटोमध्ये लेक्टिन आणि व्हिस्कोटॉक्सिन ही प्रथिने असतात. त्यांतील एक लेक्टिन एरंडाच्या बीमधील रिसिनप्रमाणे पेशीची प्रथिननिर्मिती थांबवते आणि प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी मारते. परंतु काचपात्रातील पेशी मारणे आणि रोगी वाचवणे यांत फार मोठे अंतर आहे. वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००८ च्या आढाव्यात २१ चाचण्या तपासल्या गेल्या. रुग्ण अधिक काळ जगतात याला भक्कम आधार मिळाला नाही. रसायनोपचार घेणाऱ्या स्तनकर्करोगाच्या रुग्णांना काहीसे बरे वाटत असावे, एवढाच सावध निष्कर्ष निघाला, आणि बऱ्याच चाचण्या सदोष होत्या.

अक्षरवेल्हाळ

तिघांचेही मनापासून आभार. मग चहा काय करतो? इंजेक्शनांच्या चाचण्या त्याला लागू होतात का?

खलबत्ता

नाही. इंजेक्शनाने दिलेले प्रथिन आणि पचनसंस्थेतून जाणारे प्रथिन यांचा शरीरातील प्रवास वेगळा असतो, त्यामुळे एकाचे निष्कर्ष दुसऱ्याला लावणे चुकीचे आहे. जर्मन घरगुती वैद्यकात पाने रात्रभर थंड पाण्यात भिजवून ते पाणी रक्तदाबासाठी घेण्याची रीत आहे, पण गोळ्यांना पर्याय ठरेल इतका भरवशाचा पुरावा तिच्यामागे नाही. रक्तदाब खरोखरच उतरला, तर गोळ्यांच्या जोडीने तो नको तितका उतरण्याचा धोका आहे. न उतरल्यास आणि या भरवशावर गोळ्या सोडल्यास धोका त्याहून मोठा आहे. नातेवाइकांनी चहा तूर्त घेऊ नये, पाकीट आपल्या डॉक्टरांना दाखवावे आणि गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. घरात गर्भवती स्त्री असेल तर तिलाही तो देऊ नये. फळे तर कोणीच खाऊ नयेत. चुकून एखाददुसरे फळ पोटात गेल्यास सहसा उलटी-जुलाबावर निभावते, पण लहान मुलाने खाल्ल्याचे कळताच वाट न पाहता डॉक्टरांना विचारावे.