मदत हवी आहे : क्रूझच्या आदल्या रात्री मुंबईत कुटुंबासाठी स्वस्त हॉटेल

नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत मुंबई ते गोवा क्रूझ आहे, मुंबई बंदरातल्या बॅलार्ड पियर धक्क्यावरून. आम्ही सांगलीचे सहाजण: आम्ही दोघं, दोन मुलं, आई-बाबा. बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे जिने नकोत, लिफ्ट हवीच.

महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरून थेट बंदरावर जाता येईल, हे माहीत आहे. पण गाडी रखडली तर जहाज काही आपल्यासाठी थांबणार नाही. म्हणून आदल्या दिवशी कोयना एक्सप्रेसने जाऊन रात्री मुक्काम करायचा ठरलंय. गाडी उशिरा पोहोचते, तेव्हा हॉटेलवाल्याने रात्री दहा-अकरालाही खोली द्यायला हवी.

ऑनलाइन बघितलं. फोर्टमध्ये स्वस्त दिसलेल्या दोन-तीन लॉजना फोन केला, तर खोल्या वरच्या मजल्यावर आणि लाकडी जिना! बाकीचे एका खोलीत दोघांच्या वर घेत नाहीत. दादरला परवडतंय, पण तिथून सकाळी सामानासकट निघायचं म्हणजे ट्रॅफिकची धास्ती. बजेट दोन खोल्यांचे मिळून पाच हजार, फार तर सहा. एसी नसला तरी चालेल, स्वच्छता हवी.

दुसरं म्हणजे टॅक्सी. दक्षिण मुंबईत रिक्षा नाहीत आणि काळी-पिवळीत चौघंच बसतात. आम्ही सहा, वर चार मोठ्या बॅगा.

सीएसएमटी किंवा फोर्टजवळ लिफ्ट असलेलं, स्वतः राहिलेलं हॉटेल कुणी सुचवेल का? आणि टॅक्सी बंदराच्या ग्रीन गेटमधून आत थेट क्रूझ टर्मिनलपर्यंत सोडतात, की गेटवर उतरून बॅगा ओढत चालावं लागतं?