आई-बाबांना नायगारा दाखवलात, हार्पर्स फेरी दाखवलंत का?

शेनंडोआकाठ:
उन्हाळा आला की अमेरिकेतल्या मराठी घरांत ठरलेला बेत शिजतो: आई-बाबा येणार, म्हणजे न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, नायगारा, जमलंच तर वेगास. माझं म्हणणं, यातलं एक गाळा आणि हार्पर्स फेरीला जा. वेस्ट व्हर्जिनियाच्या टोकाला, पोटोमॅक आणि शेनंडोआच्या संगमावरचं हे चिमुकलं गाव.

सासऱ्यांना म्युझियमचा भयंकर कंटाळा. पण इथल्या विटांच्या एका बुटक्या इमारतीपुढून ते हलेनात. ऑक्टोबर १८५९ मध्ये गुलामगिरीचा कट्टर विरोधक जॉन ब्राउन वीसेक माणसं घेऊन इथल्या सरकारी शस्त्रागारावर चालून आला. शस्त्रं मिळवून गुलामांचा उठाव करायचा, हा बेत. फसला. शेवटी तो याच इमारतीत, म्हणजे शस्त्रागाराच्या आगीच्या बंबखान्यात, कोंडला गेला आणि डिसेंबरात फासावर चढला. त्याला पकडणाऱ्या तुकडीचा प्रमुख होता रॉबर्ट ली, म्हणजे पुढे यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेला सेनापती! सासरे म्हणाले, "अरे, आपल्या सत्तावननंतर दोनच वर्षांनी की!"

सासूबाई सांगलीच्या. खालच्या गल्लीत भिंतीवर जुन्या पुरांच्या खुणा आहेत, वर्षं लिहून. त्यांनी हात उंच करून पाहिला, १९३६ च्या खुणेला काही पोचला नाही. मग जी कृष्णेच्या पुराची गोष्ट सुरू झाली, ती घरी येईपर्यंत.

खमंग_काकडी:
छान लिहिलंय, पण ही तुमची हौस की त्यांची? माझ्या आईला नायगाराच बघायचा होता, कारण शेजारच्या काकू बघून आल्या होत्या. यात कमीपणा कसला? आणि गुडघ्यांचं काय? संगम वरून दिसतो त्या जेफरसन रॉककडे जायला दगडात खोदलेल्या पायऱ्या आहेत. गाडी नसेल तर आणखी पंचाईत. मेरीलँडची ‘मार्क’ लोकल ट्रेन सकाळी वॉशिंग्टनकडे जाते, संध्याकाळी परत येते, तीही कामाच्या दिवशीच. आपल्याला हवं नेमकं उलट.

दगडधोंडे:
राजगड चढलेल्या माणसाला बंबखाना काय दाखवता? तोही मूळ जागेवर नाही. शिकागोच्या १८९३ च्या प्रदर्शनासाठी विटा सुट्या करून नेला, मग परत आणला, मग आणखी दोनदा हलवला. मूळ जागेवर आता रेल्वेचा भराव आहे. शिवाय ब्राउनच्या हल्ल्यात पहिला बळी कोणाचा गेला? हेवर्ड शेफर्डचा. रेल्वेत सामान सांभाळणारा, स्वतंत्र कृष्णवर्णीय माणूस. ते नाही सांगितलंत सासऱ्यांना?

शेनंडोआकाठ:
सांगितलं. तिथेच तर आमचा वाद जुंपला, आणि तसा तो नायगाराच्या कठड्यापाशी जुंपत नाही. विटा हलल्या हे खरं. पण १९०६ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे विचारवंत ड्यू बॉइस आणि त्यांचे सहकारी या इमारतीच्या दर्शनाला आले तेव्हाही ती मूळ जागी नव्हती, गावाबाहेर एका शेतावर उभी होती. तरी मंडळी जोडे-मोजे काढून अनवाणी चालत गेली. आपल्याकडच्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.
@खमंग_काकडी, पायऱ्या सोडून द्या, संगम खालूनही दिसतो. गाडी वर लावायची, खाली न्यायला पार्कची बस आहे.

कोलोरॅडोची_मावशी:
दोघांचाही इतिहास गोऱ्यांनी पाय ठेवल्यावरच सुरू होतो वाटतं? आमच्या कोलोरॅडोत मेसा व्हर्डेला या. कड्याच्या कपारीत क्लिफ पॅलेस, सुमारे दीडशे खोल्यांचा. इकडे ज्ञानेश्वरी सांगितली जात होती त्याच तेराव्या शतकात तिथे माणसं नांदत होती. शतक सरता सरता ती दक्षिणेकडे निघून गेली. त्यांचे वंशज, अमेरिकेचे मूळ रहिवासी प्युएब्लो लोक, आजही आहेत, त्यामुळे "लुप्त झालेली जमात" वगैरे गाइडगिरी नको. आत जायला शिड्या चढाव्या लागतात, पण समोरच्या कड्यावरून सगळं दिसतं. उंची सात हजार फुटांच्या आसपास, दम लागतो, सावकाश चाला.

खमंग_काकडी:
म्हणजे गुडघ्यांपाठोपाठ आता दमही! मावशी, तिथे जेवायला काय मिळतं तेही सांगा.

कोलोरॅडोची_मावशी:
मी दशम्या आणि चटणी नेते. नायगाराला तरी कुठे वरणभात वाढतात?

दगडधोंडे:
मेसा व्हर्डे मान्य. बंबखाना अजूनही नाही.