शुद्धीकरण, बाप्तिस्मा आणि आत्मिक वाढ : यांचे टप्पे खरोखरच ठरलेले असतात का?

प्रश्न : हरिपूर रस्ता, सांगली

सर्वांना सलाम. माझे वय सव्वीस आहे. मी तीन महिन्यांची असताना आमच्या मंडळीत पाळकसाहेबांनी कपाळावर पाणी शिंपडून माझा बाप्तिस्मा केला आणि सोळाव्या वर्षी माझे दृढीकरण (स्वतःच्या तोंडाने विश्वास जाहीर करण्याचा विधी) झाले. बाप्तिस्म्याचा दाखला आजीच्या पत्र्याच्या पेटीत जुन्या रेशनकार्डाखाली अजून जपून ठेवलेला आहे. गेल्या वर्षापासून एका मैत्रिणीमुळे मी मिरजेतील एका प्रार्थनासंगतीला जाऊ लागले. तेथील गायन आणि शास्त्रपाठ मला मनापासून आवडतात, हे आधीच सांगते.

तेथे नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला एक छापील कागद मिळतो. त्यावर जिन्याचे चित्र असून पायऱ्यांवर खालून वर पश्चात्ताप, पाण्याचा बाप्तिस्मा, पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा आणि अग्नीचा बाप्तिस्मा अशी नावे लिहिलेली आहेत. प्रत्येक पायरीपुढे खूण करण्यासाठी चौकोन आहे. माझ्या कागदावर फक्त पहिल्या चौकोनात खूण आहे. दुसरा रिकामा आहे, कारण तान्हेपणी शिंपडलेले पाणी तेथे धरले जात नाही. डिसेंबरमध्ये नदीत बाप्तिस्मा घ्यावा आणि तोपर्यंत प्रभुभोजनाला, म्हणजे उपासनेतल्या भाकरी-द्राक्षारसाला, हात लावू नये, असे मला प्रेमानेच, पण स्पष्ट सांगितले आहे.

माझे प्रश्न असे की, शुद्धीकरणाच्या अशा क्रमवार पायऱ्या शास्त्रात आहेत काय, आणि माझा पहिला बाप्तिस्मा धरायचा की नाही. तिसरा प्रश्न मला सर्वांत जास्त छळतो. मी जर धुतली गेले आहे, तर तेच ते पाप पुन्हा पुन्हा कसे होते? तीन आठवड्यांपूर्वी मी वहिनीला चार माणसांत असे काही बोलले की त्यानंतर आमचे बोलणेच बंद झाले आहे. मग मी पहिल्या पायरीवर तरी आहे का?

उत्तर १ : निवृत्त पाळक, सातारा

बाळे, मी तुझ्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण माझ्या समजुतीप्रमाणे बाकीच्या दोहोंची किल्ली त्यातच आहे.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू शिष्यांचे पाय धुतो तो प्रसंग काढून वाच. पेत्र आधी पाय मागे घेतो आणि मग एकदम दुसऱ्या टोकाला जाऊन हात आणि डोकेही धुण्याची विनंती करतो. त्यावर प्रभूचे उत्तर असे की, ज्याचे स्नान झाले आहे त्याला पाय धुण्यापलीकडे काही लागत नाही, कारण तो सर्वांगी शुद्ध असतो. स्नान एकदाच होते, पाय मात्र रोजच मळतात. जुन्या करारातील निर्गम या पुस्तकात याजकांची व्यवस्था पाहिलीस तर तेथेही हेच दिसते. एकोणतिसाव्या अध्यायात अहरोन आणि त्याच्या मुलांना दर्शनमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, दाराशी आणून स्नान घालतात आणि ते सेवेत रुजू होण्याच्या वेळी घडते. तिसाव्या अध्यायात मात्र वेदी आणि मंडप यांच्यामध्ये पितळेचे गंगाळ ठेवले जाते आणि आत जाताना त्यांनी दर वेळी त्या पाण्याने हातपाय धुवावेत अशी आज्ञा होते. ज्याला गंगाळाशी थांबावे लागले त्याचे याजकपण संपले, असे कोणी म्हणत नसे. उलट याजक होता म्हणूनच त्याला तेथे थांबावे लागत असे.

मी काही वर्षे सांगलीकडे सेवेत होतो. उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आदल्या रात्री आम्ही बारा जणांचे पाय धुण्याचा विधी करीत असू. एका वर्षी त्या बारांमध्ये हळदीच्या पेठेतले एक हमाल होते. उपासनेला यायचे म्हणून ते घरून साबण लावून, स्वच्छ अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून आले होते, तरी टाचांच्या भेगांतली हळद तशीच राहिली होती आणि मी पाणी ओतताच घंगाळातले पाणी पिवळे झाले. ते बिचारे संकोचले आणि म्हणाले, ‘साहेब, मी अंघोळ करून आलोय हो.’ मी म्हटले, अंघोळ झालीच आहे, ही तर पेठेची हळद आहे. त्या रात्री मी जे प्रवचन तयार करून नेले होते ते बाजूला ठेवले.

तू वहिनीला जे बोललीस ती पेठेची हळद आहे. तिच्यामुळे तुझे स्नान रद्द होत नाही; पण ती तशीच अंगावर वागवत हिंडायचे, असेही नाही. योहानाच्या पहिल्या पत्राचा पहिला अध्याय विश्वासणाऱ्यांनाच उद्देशून आहे आणि तेथे पाप कबूल केल्यास क्षमा व शुद्धी यांचे वचन आहे. आपले जुने शिक्षक नीतिमान ठरणे आणि पवित्रीकरण यांत जो फरक करीत, तो हाच. पहिले देव एकदाच करतो, दुसरे मरेपर्यंत चालते.

आता तुमच्या जिन्याविषयी. प्रेषितांच्या कृत्यांचे पुस्तक उघडलेस तर एकच क्रम सापडत नाही. दुसऱ्या अध्यायात पेत्र पश्चात्ताप, बाप्तिस्मा आणि मग आत्म्याचे दान असे सांगतो. आठव्या अध्यायात शोमरोनातील लोकांचा बाप्तिस्मा होऊन गेला तरी पवित्र आत्मा त्यांच्यावर उतरला नव्हता. त्यासाठी पेत्र आणि योहान यरुशलेमहून आले. दहाव्या अध्यायात कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घरी तर सगळेच उलटे घडते, कारण पेत्राचे भाषण चालू असतानाच आत्मा उतरतो आणि पाणी नंतर मागवले जाते. ज्या पुस्तकावरून पायऱ्या काढल्या, त्या पुस्तकालाच पायऱ्यांचा क्रम ठाऊक नाही.

अग्नीविषयी थोडेच लिहितो. तो शब्द योहान बाप्तिस्मा करणाऱ्याच्या तोंडचा आहे आणि मत्तयाच्या तिसऱ्या अध्यायात त्याच्या पुढच्याच वचनात सूप आहे, खळे आहे आणि जळणारा भुसा आहे. म्हणून पुष्कळ भाष्यकार त्यात न्यायाचा अग्नी पाहतात, तर काही जण पेन्टेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर आत्मा उतरला त्या दिवशी, दिसलेल्या अग्निजिव्हा पाहतात. ज्या शब्दाच्या अर्थाविषयीच इतका मतभेद आहे, त्याच्यापुढे खूण करायचा चौकोन काढण्याचे धाडस मला तरी झाले नसते.

उत्तर २ : नदीत उतरलेला, मिरज

पाळकसाहेबांविषयी आदर ठेवून लिहितो. मी पूर्ण बुडवून केलेला, विश्वासणाऱ्याचा बाप्तिस्माच शास्त्राला धरून आहे असे मानणाऱ्यांपैकी आहे आणि ती बाजूही ताईंपुढे नीट यावी असे मला वाटते.

रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल बाप्तिस्म्याला ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे म्हणतो. आपण कबरस्तानात प्रत्येक जण मूठमाती देतो, पण मूठमातीने खड्डा भरत नाही. पुरणे म्हणजे देह पूर्णपणे मातीआड जाणे. बाप्तिस्मा या शब्दामागच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही बुडवणे असाच आहे. कृत्यांच्या आठव्या अध्यायातील कूशी षंढ अधिकारी आणि फिलिप्प दोघेही पाण्यात उतरले आणि पाण्यातून वर आले. शिवाय त्याच पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात इफिसातल्या सुमारे बारा शिष्यांनी योहान बाप्तिस्मा करणाऱ्याच्या रीतीचा बाप्तिस्मा घेतलेला असूनही त्यांना प्रभू येशूच्या नावाने पुन्हा बाप्तिस्मा दिला गेला. म्हणून ‘पुन्हा’ या शब्दाला इतके घाबरण्याचे कारण नाही. १५२५ साली झुरिकमध्ये ज्यांनी पहिल्यांदा हे पाऊल उचलले त्यांना लोकांनी ‘पुन्हा बाप्तिस्मा घेणारे’ असे हिणवले. ते स्वतः मात्र हाच आपला पहिला बाप्तिस्मा असे म्हणत राहिले.

एवढे सांगूनही तो छापील कागद मला पटत नाही. मी चौतिसाव्या वर्षी नदीत उतरलो. पहाटेचे पाणी थंडगार होते, पायाखालचा दगड निसटत होता, पाळकांनी एक हात पाठीला आणि एक हात मानेला लावून मला आडवे केले आणि क्षणभर कानांत फक्त पाण्याचा आवाज उरला. तो क्षण मी जन्मभर विसरणार नाही. पण ओल्या कपड्यांनी दुचाकीवरून घरी पोहोचेपर्यंत मी वाटेत एका ट्रॅक्टरवाल्याशी भांडलो होतो. नदीने माझा राग वाहून नेला नाही. तो कोणाच्या पायाशी न्यायचा, एवढे मात्र त्या दिवशी पक्के झाले.

प्रभुभोजनापासून दूर ठेवण्याबद्दल म्हणाल, तर करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात माणसाने स्वतःची परीक्षा करून खावे असे आहे. तेथे परीक्षा करणारा तो स्वतःच आहे. कागद भरून घेणारा भाऊ तेथे नाही.

आणखी एक, विषयाला सोडून नाही म्हणून लिहितो. जी मंडळी पावसाळ्यात कृष्णेत बाप्तिस्मे ठेवतात त्यांनी आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी आणि धरणातला विसर्ग आधी पाहावा. प्रभूने मंदिराच्या शिखरावरून उडी मारायला नकार दिला होता, हे विसरू नये.

उत्तर ३ : शिक्षिका, कराड

दोन्ही उत्तरे वाचली. मी धर्मशास्त्र शिकलेले नाही, पण आपल्याच मराठी मुलखातील काही माणसांची आयुष्ये या प्रश्नावर बरेच बोलतात, असे मला वाटते.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. पण त्यांनी पुढे आपल्या साक्षीत लिहिले की, त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र नंतर भेटला, आणि ही भेट त्यांनी बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी सांगितली आहे. तरी त्यांनी वाँटेजचे पाणी वाया गेले असे मानले नाही. पुढे १९०५ साली केडगावच्या मुक्तिमिशनमध्ये मोठी जागृती झाली तेव्हा मुलींनी अग्नीच्या भाषेतच आपले अनुभव सांगितले. म्हणजे पाणी, नवा जन्म आणि आत्म्याचा वर्षाव यांत वर्षानुवर्षांचे अंतर पडू शकते. पण ते अंतर मोजून कोणी बाईंच्या हातात कागद दिला नाही.

ख्रिस्ती मराठी लेखक बाबा पदमनजींचे उलट झाले. मनाने ते फार आधी विश्वासात आले होते. घर, जात आणि आईवडील यांच्या ओढीमुळे बाप्तिस्मा लांबत गेला आणि शेवटी १८५४ साली बेळगावात झाला. त्यांच्यासाठी पाणी ही शुद्धीची सुरुवात नव्हती, तर जे आत झाले होते त्याची जाहीर किंमत मोजणे होते. पहिल्या पिढीच्या बाप्तिस्म्याला हे वजन असे आणि आपण दाखला पेटीत घेऊनच जन्मलेली माणसे ते विसरतो.

आणि कवी नारायण वामन टिळक. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. बावीस वर्षांनी, १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्यात मुक्काम केला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत ही त्यांची कल्पना होती. तेव्हाच्या पुष्कळांना ती पचली नाही आणि खरे सांगायचे तर मलाही ती पुरती पचत नाही, कारण ज्याची आज्ञा प्रभूने स्वतः दिली ते ऐच्छिक कसे ठरवायचे? तरी स्वतः पाण्यातून गेलेला माणूस पाणी हे फाटक म्हणून वापरायला तयार नव्हता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

उत्तर ४ : निवृत्त पाळक, सातारा

मिरजेच्या भावांनी मूठमातीचा दृष्टांत चांगला दिला; मी तो उसना घेणार आहे. फक्त दोन गोष्टी जोडतो. ‘डिडाखे’ हा प्रेषितांच्या काळाला अगदी जवळचा ग्रंथ वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा द्यावा असे सांगतो, ते नसेल तर दुसरे पाणी, थंड नसेल तर कोमट, आणि दोन्ही पुरेसे नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावे, असेही सांगतो. म्हणजे ओतणे ही काही नंतरच्या सुस्त मंडळ्यांची सोय नव्हे. दुसरे असे की, २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली तेव्हा विश्वासणाऱ्याचाच बाप्तिस्मा मानणाऱ्या बाप्टिस्टांसह सहा मंडळ्या एकत्र आल्या आणि बालबाप्तिस्मा व विश्वासणाऱ्याचा बाप्तिस्मा या दोन्ही रीती तिच्यात मान्य झाल्या. म्हणून तू कोणत्याही बाजूला झुकलीस तरी परकी होत नाहीस.

मात्र निर्णय घेण्यापूर्वी तुझ्या आजींशी बोल. बालबाप्तिस्म्यात प्रश्न बाळाला विचारत नाहीत, ते घरच्यांना विचारतात.

प्रश्नकर्ती : हरिपूर रस्ता, सांगली

सर्वांचे मनापासून आभार. मी संगतीतल्या ताईंकडून तो कागद मागून घेतला आणि पुढच्या बैठकीत मला कृत्यांचे दहावे प्रकरण सर्वांबरोबर वाचायचे आहे असे सांगितले. त्या नाराज झाल्या नाहीत. त्यांनी होकार दिला.

आजीशीही बोलले. तिने पेटी उघडून दाखला माझ्या हातात दिला आणि त्या दिवशी पाळकसाहेबांनी काय विचारले होते ते तिला अजून आठवते म्हणाली : हिला प्रभूच्या शिक्षणात वाढवाल काय? ‘तुझ्या आईला रडू फुटलं, मग मीच मोठ्यानं हो म्हटलं. माझं हो मी सांभाळलं. आता तुझं काय ते तू बघ,’ एवढे बोलून ती भाकऱ्या करायला उठली.

डिसेंबरचे काय करायचे ते अजून ठरलेले नाही. आमच्या पाळकसाहेबांनी शनिवारी बोलावले आहे, आणि मिरजेच्या भावांनी जी शास्त्रवचने दिली ती मी वहीत उतरवून नेणार आहे. वहिनीला मात्र अजून फोन केलेला नाही. तो आज रात्री करते.